एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं : व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर कसं निवडायचं, कसं लावायचं

गेल्या पावसाळ्यात, एकाच आठवड्यात, दोन माणसांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं आणि दोघंही माझ्याकडे आली.

पहिली माझी भाची. राहते इंदूरच्या सुदामा नगरात, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी सांगितलं होतं, आपापल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून आणा. वर्गातल्या एकाने पार्टिशन करता करता अख्खी विंडोज उडवली होती, म्हणून ही घाबरलेली. "मामा, माझी विंडोज जाणार नाही ना?" हा पहिला प्रश्न.

दुसरे आमच्या मंडळाचे काका. त्यांच्याकडे २००४ च्या स्मरणिकेच्या, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या फायली होत्या. सोबत जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल (हा लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही) आणि विंडोज एक्सपीची विकत घेतलेली सीडी, सगळं एका पिशवीत, रबरबँड लावून. "नव्या कॉम्प्युटरवर यातलं काहीच चालत नाही हो. मंडळाला ती जुनी पानं परत छापायची आहेत. बघा जरा."

दोघांना औषध एकच, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. पण दोघांची मशीनं वेगळी होती आणि कामंही वेगळी, म्हणून गोळी वेगवेगळी द्यावी लागली. इंटरनेटवर "सर्वांत चांगलं सॉफ्टवेअर कोणतं" यावर हमरीतुमरी चालते. माझा अनुभव असा की निवड सॉफ्टवेअरपासून सुरूच होत नाही. तुमच्याकडे कोणती विंडोज आहे, रॅम किती आणि आत काय चालवायचंय, एवढं ठरलं की सॉफ्टवेअर बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

नेमकं होतं काय

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. मालक एक, बिऱ्हाडकरू दोन-तीन. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी. पण विहीर एकच आणि आड वाळलं की सगळ्यांचंच वाळतं. तुमच्या लॅपटॉपवरची मूळ विंडोज म्हणजे मालक, हिला होस्ट म्हणतात. तिच्यात एका खिडकीत चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे बिऱ्हाडकरू, म्हणजे गेस्ट. विहीर म्हणजे रॅम, प्रोसेसर आणि डिस्क. गेस्टला वाटतं आपल्याला अख्खा संगणक मिळालाय. प्रत्यक्षात त्याची संपूर्ण हार्ड डिस्क ही होस्टवरची एक मोठी फाइल असते. ती फाइल पुसली की बिऱ्हाड गेलं, वाड्याला ओरखडाही नाही. भाचीला हे सांगितल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला.

ही युक्ती नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर ती १९६० च्या दशकातच चालायची. घरगुती संगणकावर ती १९९९ साली व्हीएमवेअर वर्कस्टेशनने आणली आणि २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तिच्यासाठी खास सोय दिली. इंटेलवाल्याचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीवाल्याचं एएमडी-व्ही. ही सोय पुढे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, थोड्या वेगळ्या नावाने भेटणार आहे.

आधी विचारा, खरंच लागतंय का

फक्त लिनक्सच्या कमांड शिकायच्या असतील, डेस्कटॉप नकोच असेल, तर विंडोजमधलं डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्सच्या कमांड चालवणारी सोय) पुरतं. ते होम आवृत्तीवरही चालतं, पाच-दहा मिनिटांत लागतं. गेम खेळायचे असतील तर व्हर्च्युअल मशीनच्या नादी लागू नका. लिनक्सलाच रोजचं घर करायचं असेल तर ड्युएल बूट (दोन्ही सिस्टिम शेजारी टाकून, चालू करताना एक निवडणं) बरं, पण ते बॅकअप घेऊन आणि दिवसाउजेडी. भाचीला मात्र डेस्कटॉपसकट लिनक्स हवं होतं, मोडायला आणि परत उभं करायला. त्यासाठी व्हर्च्युअल मशीनच.

पायरी पहिली : स्वतःचं मशीन ओळखा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयूवर क्लिक करा. खाली बारीक अक्षरांत "व्हर्च्युअलायझेशन" असं लिहिलेलं दिसेल आणि त्यापुढे एनेबल्ड किंवा डिसेबल्ड. तिथेच मेमरीवर क्लिक केलं की रॅम कळते. मग सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं जाऊन विंडोज होम आहे की प्रो ते बघा. या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. भाचीच्या कागदावर आलं : एनेबल्ड, ८ जीबी, विंडोज ११ होम. काकांच्या डेस्कटॉपवर : डिसेबल्ड, १६ जीबी, विंडोज ११ प्रो.

रॅमचा हिशेब आधीच करा, मागाहून रडू नका. विंडोज ११ नुसती बसलेली असली तरी साधारण तीन-साडेतीन जीबी खाते. त्यावर ब्राउझरचे दहा टॅब. म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर गेस्टला ३ जीबीच्या वर देऊ नये. मी एकदा हौसेने ६ दिले होते. गेस्ट छान उठला आणि होस्ट असा गळपटला की माउसचा बाण हलायला अर्धा मिनिट लागायचं. १६ जीबी असेल तर ४ ते ६ निवांत देता येतात. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये रॅमची चौकशी केली तेव्हा दुकानदाराने लॅपटॉप न बघताच सांगितलं, "भिया, सोलह कर लो, बाकी सब मोह-माया है." चूक नव्हता तो. फक्त रॅम घेण्याआधी लॅपटॉपात जास्तीचा स्लॉट आहे का ते बघा. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डलाच डाख दिलेली असते.

आणि डिस्क एसएसडी हवी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर होस्ट आणि गेस्ट एकदम वाचायला लागले की दोघंही रांगतात. याला कुठल्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही.

पायरी दुसरी : बायोस

टास्क मॅनेजरमध्ये एनेबल्ड असेल तर ही पायरी सोडून द्या. डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये जावं लागेल, पण त्याआधी एक गोष्ट करा, हिच्यात लोक फसतात. विंडोजचं डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर बायोसमध्ये हात घातल्यावर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी ती उघडून मोबाइलमध्ये नाही, कागदावर लिहून घ्या.

मग मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि लगेच बटण दाबत राहा : एचपीला बहुधा एफ-१०, डेल, एसर आणि असूसला बहुधा एफ-२. लेनोवोच्या काही लॅपटॉपांना बाजूला टाचणीएवढं भोक असतं, त्यात पिन घालून चालू केलं की मेनू येतो. आत इंटेलच्या मशीनवर "इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी" शोधा, एएमडीच्या मशीनवर "एसव्हीएम मोड". ॲडव्हान्स्ड, सिस्टिम कॉन्फिगरेशन किंवा सिक्युरिटी, यांपैकी कुठेतरी ते दडलेलं असतं. चालू करा, सेव्ह करा, बाहेर या. काकांच्या मशीनवर ते तिसऱ्या पानावर सापडलं, तोवर काकांनी दोनदा विचारलं, "काही उडणार तर नाही ना?"

पायरी तिसरी : आता सॉफ्टवेअर निवडा

*व्हर्च्युअलबॉक्स.* मूळ इनोटेक या जर्मन कंपनीचं, २००७ मध्ये मुक्तस्रोत झालं, पुढच्या वर्षी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीकडे आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे गेलं. फुकट आहे. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं आणि विंडोज होमवरही. जुन्यात जुने गेस्ट सांभाळून घेतं, यूएसबीवरची वस्तू गेस्टला सहज देतं, आणि शिकणाऱ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अडलं की मदत चटकन मिळते, कारण वापरणारे खूप. उणी बाजू ग्राफिक्सची. गेस्टमध्ये त्रिमितीय काही चालवायला गेलात तर दमछाक दिसते. एक कायदेशीर बारीक गोष्ट : मूळ पॅकेज सगळ्यांना मोकळं आहे, पण वेगळं मिळणारं एक्स्टेन्शन पॅक फक्त वैयक्तिक वापराला आणि शिक्षणाला फुकट आहे. ऑफिसच्या मशीनवर ते सहज म्हणून टाकू नका. नवख्याला ते लागतही नाही. यूएसबी ३ साठी आधी लागायचं, ७.० आवृत्तीपासून ती सोय मूळ पॅकेजातच आली.

*व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो.* पूर्वी याचे चांगले पैसे पडायचे. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, २०२४ च्या मेमध्ये हे वैयक्तिक वापराला फुकट झालं आणि ११ नोव्हेंबर २०२४ पासून धंद्याच्या वापरालाही. व्हीएमवेअरचा जुना फुकटचा "प्लेअर" आता विसरा. उतरवायला ब्रॉडकॉमच्या पोर्टलवर खातं काढावं लागतं. डेस्कटॉप लिनक्स किंवा विंडोज गेस्टमध्ये चालवताना हात लावल्यावर जो गुळगुळीतपणा जाणवतो, तो माझ्या मते यांत जास्त. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं की लागणारे जोडपदार्थ बहुधा उबुंटू स्वतःच घेऊन येतं. १६ जीबी आणि बरा प्रोसेसर असेल तर मी आधी हेच लावून बघेन.

*हायपर-व्ही.* हे मायक्रोसॉफ्टचं, विंडोज प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये आधीपासून असतं. होममध्ये नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या "टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ" मध्ये टिक केलं की आलं. विंडोजमध्ये विंडोज चालवायला उत्तम, सर्व्हरचं काम शिकणाऱ्यांनी हेच घ्यावं. पण डोंगल, स्कॅनर असली यूएसबीवरची वस्तू गेस्टला सरळ देण्याची सोय यात नाही. काकांसाठी ते तिथेच बाद झालं. आणि लिनक्स टाकताना दोन ठिकाणी अडखळायला होतं : जनरेशन १ की २ हे सुरुवातीलाच विचारतं आणि नंतर बदलता येत नाही, नवीन लिनक्सला २ घ्या, आणि सिक्युअर बूटच्या ठिकाणी "मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट ऑथॉरिटी" हा साचा निवडा, नाहीतर आयएसओ (इन्स्टॉलर ज्यात असतो ती डिस्कची फाइल) उघडतच नाही.

*केव्हीएम.* होस्टच लिनक्स असेल तर फार शोधत बसू नका. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. वर व्हर्ट-मॅनेजर नावाची खिडकी टाकायची की झालं. त्याहून सोपं हवं तर ग्नोम बॉक्सेस. मी स्वतः घरी हेच वापरतो. आत विंडोज टाकायची असेल आणि डिस्क व्हर्टआयओ या वेगवान पद्धतीने जोडली असेल तर व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ आधी उतरवून ठेवा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही आणि माणूस उगाच तासभर डोकं खाजवतो.

*मॅकवाले.* तुमचा मॅक २०२० पासूनच्या एम-मालिकेतल्या चिपचा असेल तर नियम वेगळे. त्या चिप एआरएम जातीच्या, त्यात एआरएमसाठी बनवलेलीच सिस्टिम वेगाने चालते, म्हणजे एआरएमची विंडोज ११ किंवा एआरएमचं लिनक्स. पॅरलल्स पैसे घेतं आणि सगळं हातात आणून देतं. व्हीएमवेअर फ्यूजन आणि यूटीएम फुकट. जुनी एक्सपी तिथे नक्कल करूनच चालवावी लागते आणि ती कूर्मगतीने.

कासवावरून आठवलं, कासव पुढे खरोखरच येणार आहे.

पायरी चौथी : भाचीचं लिनक्स

८ जीबी आणि विंडोज होम, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स. गेस्टसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. उबुंटू २४.०४ ची आयएसओच ६ जीबीच्या आसपास आहे, मिंटची त्याच्या निम्मी, आणि ३ जीबी रॅममध्ये मिंट मोकळा श्वास घेतं.

व्हर्च्युअलबॉक्सचा इन्स्टॉलर सुरुवातीलाच "व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल" नाही म्हणून हटून बसू शकतो. ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट मिळतं, ते टाका आणि पुन्हा चालवा. इन्स्टॉल होताना नेटवर्क काही सेकंद तुटतं, घाबरू नका. ऑनलाइन क्लास चालू असताना मात्र करू नका.

मग "न्यू". नाव द्या, आयएसओ दाखवा. "अनअटेंडेड इन्स्टॉलेशन" असं काही विचारलं तर नको म्हणा. शिकायचंच आहे तर हाताने करा. रॅमची पट्टी हिरवी, नारिंगी, लाल अशी असते. हिरव्यातच राहा. भाचीला ३०७२ एमबी दिले, प्रोसेसर २, डिस्क २५ जीबी. "प्री-ॲलोकेट फुल साइज" ला टिक करू नका. तसंच ठेवलं तर फाइल लागेल तेवढीच फुगत जाते. मात्र फुगलेली फाइल गेस्टमधलं काही पुसल्यावर आपोआप आटत नाही, हे लक्षात असू द्या. डिस्प्लेमध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा.

स्टार्ट केल्यावर मिंटचा डेस्कटॉप येतो, त्यावर "इन्स्टॉल" चं चिन्ह. भाषा, कीबोर्ड, आणि मग ती ओळ येते : "इरेज डिस्क अँड इन्स्टॉल". भाचीचं बोट माउसवर तसंच राहिलं. माझ्याकडे बघते, स्क्रीनकडे बघते. वर्गातला तो मुलगा तिच्या डोक्यातून गेला नव्हता. मी तिला त्या ओळीखालचा आकडा वाचायला लावला. तिथे डिस्कचा आकार लिहिला होता, २५-२७ जीबी. "तुझ्या लॅपटॉपची डिस्क केवढी आहे?" "५१२." "मग ही कोणाची?" तेव्हा बटण दाबलं. तुम्हीही त्या जागी थांबा आणि आकडा वाचा. खिडकी व्हर्च्युअलबॉक्सची आहे आणि आकार तुम्ही दिला तोच आहे, तर बेलाशक दाबा.

शेवटी रीस्टार्ट करताना "इन्स्टॉलेशन मीडियम काढा आणि एंटर दाबा" असा संदेश येतो. काढायला हातात काहीच नसतं, नुसतं एंटर दाबायचं. परत इन्स्टॉलरच उघडला, तर स्टोरेजमध्ये जाऊन आयएसओ काढून टाका.

पहिल्यांदा स्क्रीन बारीक डबीएवढी दिसेल. गेस्ट ॲडिशन्स टाकल्या की ती पूर्ण पसरते आणि डिव्हाइसेस मेनूत शेअर्ड क्लिपबोर्ड चालू केला की होस्ट-गेस्टमध्ये कॉपी-पेस्टही होतं. डिव्हाइसेस मेनूतून "इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज" करा, आतली फाइल चालवा, रीस्टार्ट करा. लिनक्सच्या काही प्रकारांत (डिस्ट्रोंत) त्या आधीच असतात. स्क्रीन आपोआप पसरली तर समजा आहेत. फोल्डर शेअर केला आणि "परमिशन नाही" म्हणालं, तर गेस्टमधला तुमचा युजर "व्हीबॉक्सएसएफ" या गटात घाला आणि लॉगआउट करून परत या.

माउस खिडकीत अडकला तर उजवा कंट्रोल. आता नवीन लॅपटॉपांवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं बटण यायला लागलंय, मग माणूस आतच कोंडला जातो. सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली ही होस्ट की बदलता येते. मी एफ-१२ ठेवली. मराठी टाइप करायचं असेल तर कीबोर्ड गेस्टच्या आत वेगळा जोडावा लागतो, विंडोजमधला इनस्क्रिप्ट आत येत नाही.

पायरी पाचवी : हिरवं कासव

सगळं झालं आणि भाची म्हणाली, "मामा, हे फारच हळू आहे." खिडकीच्या खाली उजवीकडे बारीक चिन्हांची रांग असते. तिथे शेवटी एक हिरवं कासव बसलेलं होतं.

हे कासव थट्टेचं वाटतं, पण खरं निदान तेच आहे. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली "मेमरी इंटिग्रिटी" नावाचं संरक्षण असतं. ते चालू असलं की मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारा थर) आधीच प्रोसेसरच्या त्या खास सोयीवर मांडी ठोकून बसलेला असतो, होम आवृत्तीतसुद्धा. डब्ल्यूएसएल किंवा सँडबॉक्स चालू असला तरी तेच. मग व्हर्च्युअलबॉक्सला थेट प्रोसेसरकडे जाता येत नाही, त्याच्या मार्फत जावं लागतं. वाड्यात मधल्या दारावर कोणी खाट टाकून झोपलेलं असावं तसं. व्हर्च्युअलबॉक्सच्या पूर्वीच्या आवृत्त्या अशा वेळी चालतच नसत, ६.० पासून चालतात, पण कासव घेऊन. व्हीएमवेअरही २०२० पासून असं मार्फतीने चालू शकतं.

घालवायचं असेल तर विंडोज सिक्युरिटीत मेमरी इंटिग्रिटी बंद, विंडोज फीचर्समध्ये हायपर-व्ही, "व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म" आणि "विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म" यांची टिक काढून रीस्टार्ट. पण त्याने डब्ल्यूएसएल थांबतं आणि संरक्षणाचा एक थर जातो. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, पेनड्राइव्ह दहा जणांचे लागतात, तिथे मी तो थर काढत नाही. भाचीच्या लॅपटॉपवर कासव तसंच ठेवलं, मिंटमधले डेस्कटॉपचे इफेक्ट बंद केले, ब्राउझर होस्टमध्येच वापरायला सांगितलं. कमांड आणि सी प्रोग्राम चालवायला तेवढं पुरलं. तुमच्याकडे विंडोज प्रो असेल आणि कासव नकोच असेल, तर सरळ हायपर-व्हीच वापरा. तो आधीच आत बसलेला आहे.

नेटवर्कचं थोडक्यात

मूळ सेटिंग नॅट असतं, तेच ठेवा. गेस्टला इंटरनेट मिळतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याचा पत्ता बहुधा १०.०.२.१५ दिसतो, आणि बाहेरून कोणी आत येत नाही. ब्रिज्ड म्हणजे गेस्ट तुमच्या राउटरवर स्वतंत्र मशीन म्हणून उभा राहतो. घरी चालतं, पण कॉलेज-होस्टेलच्या वायफायवर प्रत्येक मशीनला लॉगिन लागतं तिथे अडतं. दोन गेस्टना फक्त आपसात आणि होस्टशी बोलायचं असेल तर होस्ट-ओन्ली.

स्नॅपशॉट आणि माझी फजिती

काही मोडायच्या आधी स्नॅपशॉट घ्या. पाच सेकंदांचं काम आहे, मोडलं की त्या क्षणाला परत. भाचीने पहिल्याच आठवड्यात नको ती कमांड देऊन सिस्टिमच्या निम्म्या फायली पुसल्या आणि दोन मिनिटांत परत आणल्या. लॅबमध्ये तिचा भाव वधारला.

पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप समजू नका. मी समजलो होतो. एका मशीनचे सात स्नॅपशॉट होते, मोठ्या शिस्तीने तारखा घातलेले, आणि सगळे एकाच एसएसडीवर. ती एसएसडी एका सकाळी दिसेनाशी झाली. सातही गेले, दोन वर्षांचं कामही. शिवाय स्नॅपशॉट साठत गेले की डिस्क भराभर फुगते. दोन-तीनच्या वर ठेवू नका. खरा बॅकअप म्हणजे गेस्ट नीट शटडाउन करून "एक्स्पोर्ट ॲप्लायन्स" ने ओव्हीए फाइल काढायची आणि ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायची. ही फाइल दुसऱ्या संगणकावर, बहुतेक वेळा व्हीएमवेअरमध्येही, उघडता येते. आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर जून महिन्यातल्या वादळी संध्याकाळी गेस्ट चालू ठेवून पोहे खायला जाऊ नका. लिहिता लिहिता लाईट गेली की आतली डिस्क बिघडू शकते.

काकांची एक्सपी

हे सगळ्यांत रंगलं. आजच्या विंडोज ११ वर ते का चालत नव्हतं, तर विंडोज ११ फक्त ६४ बिटांची आहे. तिला जुना ३२ बिटांचा डोंगल-ड्रायव्हर चालत नाही, आणि त्या काळातले काही १६ बिटांचे इन्स्टॉलर तर उघडतही नाहीत. म्हणून एक्सपीच हवी, आणि डोंगल आत पोहोचवायचा म्हणून व्हर्च्युअलबॉक्स.

परवान्याचं आधी बघा. संगणकासोबत आलेली एक्सपी कायद्याने त्याच संगणकाशी बांधलेली असते. वेगळी विकत घेतलेली असेल तर हलवता येते. काकांकडे पावतीसकट वेगळी होती. (बिल वीस वर्षं जपून ठेवणारा माणूस मला दुसरा माहीत नाही.)

प्रकारात "विंडोज एक्सपी ३२ बिट" निवडलं की व्हर्च्युअलबॉक्स डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरवर लावतं. तशीच राहू द्या, एक्सपीकडे साटाचा, म्हणजे नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर नसतो आणि इन्स्टॉलर निळ्या पडद्यावर आपटतो. रॅम ५१२ एमबी, प्रोसेसर १, डिस्क १० जीबी. यूएसबीमध्ये ३.० नको, २.० घ्या. आणि नेटवर्कमध्ये "केबल कनेक्टेड" ची टिक काढून टाका. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. तिला इंटरनेटवर नेणं म्हणजे सराफ्यात रात्री खिसा उघडा ठेवून फिरणं.

डोंगलचा क्रम महत्त्वाचा. आधी एक्सपीत त्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर टाका. मग डोंगल संगणकाला लावा, व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंग्जमध्ये यूएसबीखाली अधिकच्या चिन्हावरून त्याचा फिल्टर जोडा, डोंगल काढून परत लावा. आता तो होस्टला दिसेनासा होतो आणि गेस्टमध्ये "फाउंड न्यू हार्डवेअर" चा फुगा उगवतो. तो फुगा बघून काका म्हणाले, "हा आवाज किती वर्षांनी ऐकला!"

पेजमेकर ७.० उघडलं, फायली उघडल्या, अक्षरं जागच्या जागी. पीडीएफ काढायला एक्सपीत एक पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर ड्रायव्हर लावून "प्रिंट टू फाइल" केलं, ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली (पेनड्राइव्हही डिव्हाइसेस मेनूतून आत द्यायचा), आणि होस्टवर घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ केली. एक मात्र आधीच सांगितलं : हा मजकूर युनिकोड नाही. पीडीएफमध्ये मराठी दिसतं, पण कॉपी करून मोबाइलवर चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा पडतो. छपाईला चालेल, मजकूर शोधायचा किंवा सुधारायचा तर फॉन्ट बदलून घेण्याचं वेगळं काम आहे.

ओव्हीए काढून मंडळाच्या हार्ड डिस्कवर ठेवली, डोंगल आणि सीडी परत रबरबँड लावून पिशवीत गेली. काकांनी पीडीएफ उघडली आणि अध्यक्षांचं मनोगत ओलांडून थेट शेवटची जाहिरातींची पानं काढली. एकेका जाहिरातीवर बोट ठेवून ते सांगत होते, हे दुकान आता कोणाचं, हे कधी बंद झालं, आणि याने पैसे अजून दिलेलेच नाहीत.